गालातला सायन

माझ्या दुकानातल्या फ्लेक्सच्या मशीनला चार बाटल्या लावलेल्या आहेत. एक पिवळा, एक काळा, एक मॅजेंटा, म्हणजे गुलाबीच्या पुढे जाऊन जांभळ्याच्या अलीकडे थांबलेला रंग, आणि चौथा सायन. लग्न असो, तेरवी असो, निवडणूक असो, जगातलं जे काही छापायचं ते या चौघांतूनच. पिवळ्याला हळदीचा मान आहे. काळ्याला लोक घाबरतात, लग्नपत्रिकेत तो नावालाही नको असतो. मॅजेंटा साड्यांमध्ये खपून जातो. सायनचं मात्र कुणीच नाही. कारंज्यात हे दुकान टाकल्याला वीसेक वर्षं झाली, पण "मले सायन रंगाचा बॅनर पाह्यजे" असं म्हणत आजवर एकही माणूस पायरी चढलेला नाही.

मुळात त्याला आपल्याकडे नावच धड नाही. आकाशी म्हणावं, तर आमच्याकडचं आकाश वर्षातले चार महिने पांढरंफटक असतं. फिरोजी म्हटलं की तो हिरव्याकडे झुकतो, मोरपंखी म्हटलं की गडद होतो. संत्र्याच्या बागेत फवारायला मोरचूद भिजवतात ना, ते विरघळायला लागलं की पाण्याला जो पहिला रंग येतो, तो सायन. गिऱ्हाइकाला मी असंच सांगतो. शेतकऱ्याला ते लगेच समजतं आणि तो लगेच नको म्हणतो. फवारणीचा रंग पोरीच्या लग्नात कायले, असा त्याचा सवाल असतो.

बाकी रंगांना मालक आहेत. बाजारपेठेतल्या जैन व्यापाऱ्यांना मंदिराच्या कार्यक्रमाला केशरी आणि पिवळा लागतो, त्यातही केशरी किती पिकलेला हवा ते ते बोट ठेवून सांगतात. आम्ही स्वतः बौद्ध, आमच्या वस्तीची नजर निळ्यावर पक्की. दुकान नवीन असताना आमच्याच विहाराच्या कार्यक्रमाचा बॅनर मी छापला आणि निळ्यात मॅजेंटा टाकायला कमी पडलो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठणठणीत दिसणारा निळा कापडावर सायन होऊन उतरला. वस्तीतली चार जाणती माणसं बॅनरसमोर उभी राहिली. कुणी रागावलं नाही. त्यातले एक काका फक्त म्हणाले, "हा आपला निळा नोय बाबू. हा तं दाताच्या डॉक्टरचा रंग होय."

काका शाळेत चौथीपर्यंत गेलेले, पण डिझाइनचा एवढा नेमका धडा मला दुसऱ्या कुणी दिला नाही. पुढे शाईच्या कंपनीचा एक माणूस आला होता, त्यानं आम्हा दुकानदारांना बसवून कोणत्या रंगाचा अर्थ काय ते शिकवलं. सायन म्हणजे स्वच्छता, सायन म्हणजे थंडावा, सायन म्हणजे विश्वास. मी मनात म्हटलं, विश्वास वगैरे ठीक आहे, पण जिथं माणूस घाबरतो तिथं हा रंग लावतात. दाताचा दवाखाना, रक्त तपासणी, पाण्याचं फिल्टर, बारावीचे क्लासेस. तोंड उघडायला, सुई टोचून घ्यायला आणि पोरगं भरती करायला लोकांनी बिचकू नये म्हणून भिंतीवर सायन. तेव्हापासून माझ्याकडे डॉक्टर आला की मी त्याला विचारतही नाही, सरळ सायन लावून देतो. आजवर एकानंही तक्रार केलेली नाही.

पण या रंगाचं खरं काम बोर्डावर नाही, माणसाच्या चेहऱ्यात आहे. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. कातडीचा रंग छापायचा तर मॅजेंटा आणि पिवळा लागतो, आणि त्यात सायन. गोऱ्या गालात सायन चिमूटभर. उन्हात राबलेल्या गालात तो चांगला मूठभर लागतो. म्हणून माणसाला गोरं करायचं असेल तर पावडर, क्रीम काही लागत नाही. चेहऱ्यातला सायन काढून घ्यायचा, की माणूस एका मिनिटात उजळतो. कारंजा तालुक्यात जावई सगळे गोरे, उमेदवार सगळे गोरे, वाढदिवसाचे भाऊ तर इतके गोरे की ते स्वतःच्याच बॅनरखालून गेले तरी ओळखू येत नाहीत. अर्धा तालुका मी हाताने गोरा केला आहे आणि त्याबद्दल मला कुणी साधा नारळ दिलेला नाही.

या सगळ्यात माझ्या हाताला एक खोड लागली. फोटो आला की मी आधी सायन कमी करायचो, मग माणूस कोण आहे ते पाहायचो.

आता ताईचं सांगतो. ताई माझी मोठी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही धनजचे. आमची माय काळी होती, बाप काळा होता, मी काळा आहे. पण घरात काळी म्हणून ओळखली गेली ती एकटी ताई, कारण ती मुलगी होती.

ती लग्नाची झाली तेव्हा शेलूबाजारकडून एक स्थळ आलं. आधी फोटो पाठवा, असा निरोप होता. मी तेव्हा नुकताच ब्रशनं दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो होतो. हात रंगाने भरलेले आणि डोकं शहाणपणाने. ताईला कारंज्याच्या एका स्टुडिओत मीच घेऊन गेलो. फोटोवाल्यानं तिला खुर्चीवर बसवलं, गालाला पावडर लावली, तोंडावर दोन मोठे दिवे सोडले. मी त्याच्या जवळ जाऊन म्हणालो, "जरा उजळ येऊ द्या." त्यानं पुढे निगेटिव्हवर काय पेन्सिल फिरवली कोण जाणे, फोटो आला तो कॅलेंडरवरच्या बाईसारखा. मायनं तो पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी छाती फुगली.

फोटो पसंत पडला. पाहुणे जीप करून आले. ताईनं पोहे आणले, बशा दिल्या, खाली मान घालून बसली. त्यांच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानं खिशातून फोटो काढला. त्यानं फोटोकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि अगदी मायेनं म्हणाला, "हे ठीक हाय. आता फोटोतली पोट्टी दाखवा."

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरंच वाटलं की घरात दोन बहिणी आहेत आणि ही पोहे देणारी दुसरी. म्हणूनच ते जास्त लागलं. बापानं काहीतरी सारवासारव केली. पाहुण्यांनी पोहे संपवले आणि ते गेले. त्यानंतर आणखी दोन-तीन ठिकाणचे लोक येऊन गेले, मग एक दिवस ताईनंच सांगितलं की आता कुणाला बोलवू नका. पुढे ती गावातल्या अंगणवाडीत लागली. त्या फोटोचा विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही. उजळ काढायला कुणी सांगितलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

अंगणवाडीत तिनं आयुष्य घातलं. धनजच्या लेकरांची वजनं केली, खिचडी खाऊ घातली, नाकं पुसली. जी लेकरं तिनं काट्यावर टांगली त्यांचीही लेकरं पुढे तिच्याच काट्यावर आली. जिद्द अशी, की पोलिओच्या डोसाला नाही म्हणणारं घर असलं की ही त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसायची. भांडण नाही, बोलणं नाही, नुसती बसून राहायची. तासा-दोन तासांनी घर हरायचं. अशा बाईच्या निवृत्तीचा सत्कार गावानं ठरवला, यात नवल काहीच नव्हतं. तालुक्याचे एक पुढारी प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते. बॅनरचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी मोठ्या हौसेनं बसलो. वर लाल अक्षरांत "सेवापूर्ती सोहळा". मध्ये ताई, चांगली मोठी. डाव्या कोपऱ्यात पुढारी. खाली गोल गोल चौकटींत ग्रामपंचायतीची मंडळी, दाटीवाटीनं. पुढाऱ्यांच्या माणसाचा मोबाइलवर निरोप आला, "साहेबाले जरा फ्रेश करजा." फ्रेश म्हणजे काय ते या धंद्यात सगळ्यांना कळतं. मी साहेबांच्या चेहऱ्यातला होता नव्हता तेवढा सायन काढून घेतला. साहेब इतके फ्रेश झाले की मिशी आणि चष्मा नसता तर कागद कोरा वाटला असता. मग त्याच हातानं मी ताईच्या फोटोला हात घातला. तो फोटो गावातल्या एका पोरीनं मोबाइलवर काढलेला, आणि हल्लीचे मोबाइल आधीच माणसाला धुऊन काढतात. त्यावर माझा हात फिरला. फोटोवाल्याच्या कानात मी काय बोललो होतो, जीप करून आलेले पाहुणे काय म्हणाले होते, सगळं मला पाठ होतं. तरीही हात फिरला. सवय म्हणतात ती ही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ताई दुकानात आली. शिंप्याकडून ब्लाउज आणायला ती कारंज्याला आली होती. बॅनर नुकताच मशीनवरून उतरला होता, फरशीवर वाळत पडला होता. शाईचा वास नको म्हणून तिनं पदर नाकाला लावला आणि ती बॅनरच्या कडेकडेनं एक फेरी मारून आली. मग पिशवीतून चष्मा काढला, लावला, आणि मध्यावर बोट दाखवून विचारलं, "हे कोन होय?"

"तू होय ना."

"मी?" ती जरा वाकली. "हे तं टीव्हीवरच्या मालिकेतली सासू होय."

मी हसलो. ती हसली नाही.

"ताई, बॅनरवर असंच राह्यते वं. मी सगळ्याइले असंच करतो."

"सगळ्याइले कर. मले काहून?"

"छान दिसते म्हणून."

ताईनं चष्मा काढला, घडी केली, पिशवीत ठेवला. "मंग उद्या सत्काराले फोटोतल्या पोट्टीलेच बलावजो," ती म्हणाली. "मी नाई येत."

आवाज चढवला नाही, पदर झटकला नाही. पिशवी उचलली आणि ती पायऱ्या उतरून गेली. मी मशीनजवळ उभा. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ते शब्द मी एकदाही ऐकले नव्हते. माझी मलाच लाज वाटली.

माझं दुकान एसटी स्टँडला लागूनच आहे. शटर अर्धं ओढून मी धावलो. ताई बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी, नजर गाडी लागते त्या फलाटावर. मी शेजारी जाऊन बसलो. तिची बसण्याची ती तऱ्हा मला ओळखीची होती. पोलिओवाल्या घराच्या ओट्यावर ती अशीच बसायची.

"सारं गाव येनार हाय," मी म्हणालो. "तू नाई आली तं कसं होईन?"

"गाव मले रोज पाह्यते," ती म्हणाली. "उद्या लेकरं थे बॅनर पाह्यतीन आन् इचारतीन, बाई, हे कोन होय? मी काय सांगू त्याइले? एक डाव झालं थे झालं. आता या वयात मी पुन्हा कोनापुढं बसून माह्यं तोंड फोटोसंग मिळवून दाखवनार नाई."

जे इतकी वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं. "ताई, तवाबी मीच म्हनलं होतं. त्या फोटोवाल्याले. उजळ येऊ द्या म्हणून."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "मले मालूम हाय," ती म्हणाली. "मी खुर्चीवर बसली होती, बह्यरी नोती."

एक गाडी आली, लागली, भरली. ताई उठली नाही. मी खाली बघत बसलो होतो. शेवटी तीच म्हणाली, "चाल. मुंडी खाली घालून कायले बसला? दुसरं काढ थे बॅनर. पन माह्यापुढं काढ."

दुकानात आलो खरे, पण आता पंचाईत निराळीच होती. तिचा खरा रंग असलेला एकही फोटो माझ्याकडे नव्हता. ज्या मोबाइलमध्ये पाहावं त्या मोबाइलनं तिला धुऊन ठेवलेली. मी गावातल्या दोघा-तिघांना फोन केले, जुने फोटो पाठवा म्हणून सांगितलं. ताई खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होती. "अबे," ती म्हणाली, "मी इथं बसली ना." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो प्रकार.

मी तिची खुर्ची दारातल्या उजेडात ओढली आणि तिच्याकडे पाहायला लागलो. सख्खी बहीण, पण इतकं निरखून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पदर येतो तिथं कपाळ थोडं फिकं होतं, आणि खाली, भुवयांच्या वर, उन्हानं चांगलं गडद केलेलं. गालाच्या उतारावर निळसर झाक होती. ओठांच्या कडा जांभळट. मी हातानं पाट्या रंगवायचो तेव्हा माणसाचं चित्र असलं की सावळ्या रंगात निळ्याचा एक ठिपका टाकायचोच. ते मला कुणी शिकवलं नव्हतं, हातालाच कळलं होतं. कॉम्प्युटर आला आणि हात ते विसरला.

"पाह्य पाह्य," ताई म्हणाली. "पाह्यलं नसशील कवा."

मोबाइलवरच्या त्याच फोटोत मी सायन वाढवायला सुरुवात केली. पडद्यावर भरवसा नव्हता, म्हणून तळहाताएवढा तुकडा छापून बघायचं ठरलं. पहिला तुकडा तिनं गालाजवळ धरला, भिंतीवरच्या आरशात पाहिलं. "हे त्या सासूची बहीन होय," ती म्हणाली. "अजून टाक." दुसरा छापला. "अजून." माझा हात अडखळत होता, हे मला कबूल केलं पाहिजे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बस, आता लोक काय म्हणतील. तिसऱ्या वेळी मी चिडून भरपूर टाकला. तिनं तो तुकडा लांब धरला आणि बराच वेळ पाहिला.

"आता मी विहिरीतून काढल्यावानी दिसून राह्यली," ती म्हणाली. "जितकं हाय तितकंच टाक ना बाप्पा. तुले मधलं काही येतच नाई का?"

मग ती विचारायला लागली. "कवाची ऐकून राह्यली, सायन सायन. काय होय हे?" मी तिला बाटली दाखवली. तिनं झाकणाच्या कडेला सुकलेला रंग नखानं खरवडून पाहिला. "हा माह्या तोंडात हाय?"

"सगळ्याइच्या तोंडात राह्यते. तुह्या जरा जास्त हाय."

"मंग कंजुसी कायले करतं?"

चौथा तुकडा छापून आला. ताईनं तो गालाला लावला, आरशात पाहिलं, दारात जाऊन उजेडात पाहिलं. मग तो तुकडा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. डोळे भरले होते, पण ती असलं काही कबूल करणारी बाई नाही. "वास लय हाय तुह्या दुकानात," ती म्हणाली. "हे छाप."

छापायच्या आधी मी विचारलं, साहेबांच्या चेहऱ्यातही थोडा टाकू का. ताईनं कोपऱ्यातल्या साहेबांकडे नजर टाकली. "त्याइनं सांगितलं होतं ना, फ्रेश करा म्हणून? मंग राहू दे. ज्याची त्याची इच्छा." साहेब तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ताई आली. नवीन ब्लाउज घालून, ताठ बसली, बॅनरच्या बरोबर खाली. मी पहिला अर्धा तास भाषण ऐकलंच नाही, लोकांची तोंडं पाहत होतो. कुणी वर बघून खाली बघत नव्हतं, कुणी मिळवून पाहत नव्हतं. वर ताई, खाली ताई, दोघी एकच. एक म्हातारी बाई हार घालायला आली, तिनं आधी वर बॅनरवरच्या गालाला हात लावला, मग खालच्या. पुढाऱ्यांनी आपलं चित्र दोनदा पाहिलं आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. सगळे खूश. बॅनर इतका साधासुधा वाटला की त्यामागे एक बस सुटली होती आणि तीन तुकडे वाया गेले होते, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला त्याचा थोडा रागही आला. चांगल्या कामाचं हेच असतं.

सत्कार संपला की फ्लेक्सचं दुसरं आयुष्य सुरू होतं. कुणी तो सोयाबीनच्या ढिगावर टाकतं, कुणी गोठ्याला बांधतं. हा बॅनर नव्या अंगणवाडीताईनं मागून घेतला आणि अंगणवाडीच्या पडवीला पश्चिमेकडून बांधला. दुपारचं ऊन थेट आत यायचं, ते अडावं म्हणून. चित्राची बाजू बाहेर, रस्त्याकडे. दोन उन्हाळे तो तिथंच होता.

यंदा बुद्ध पौर्णिमेला धनजला गेलो आणि दोन दिवस राहिलो. उन्हाळ्यात अंगणवाडी सकाळची असते. ताईला अजून रोज तिकडे एक चक्कर मारल्याशिवाय चहा गोड लागत नाही. मीही सोबत निघालो. वळणावरून बॅनर दिसला आणि मी रस्त्यातच थांबलो.

ऊन रंग खातं हे मला माहीत होतं. आधी पिवळा जातो, त्याच्या मागोमाग मॅजेंटा. काळा टिकतो. आणि सायन टिकतो. गावोगावी जुने बॅनर निळे पडलेले दिसतात ते त्यामुळेच. रोजचं आहे, त्यात पाहण्यासारखं काय. पण हा बॅनर माझा होता आणि त्यात मी कुणाला काय दिलं होतं ते मला ठाऊक होतं. लाल अक्षरांचा सोहळा पुसून गेला होता. खालच्या गोलांतली मंडळी विरली होती. डाव्या कोपऱ्यात एक मिशी, एक चष्मा आणि वर थोडे केस, एवढंच हवेत लटकत होतं. मध्ये चेहरा नव्हता. कोरा पांढरा फ्लेक्स. आणि मधोमध ताई होती. सगळी निळी, पण सगळी. कपाळाची गडद पट्टी, गालाचा उतार, ओठांच्या कडा, काही म्हणजे काही गेलेलं नव्हतं.

ताई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "साहेब कुठं गेले?" तिनं विचारलं.

"फ्रेश झाले," मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला पडवीच्या खांबाला धरावं लागलं. मीही हसलो, आणि हसता हसता मला भरून आलं. जे मी तिच्या चेहऱ्यातून दोनदा काढून घ्यायला निघालो होतो, तेच दोन उन्हाळे उन्हात टिकून उभं होतं.

आवाज ऐकून अंगणवाडीतून एक लहान मुलगी बाहेर आली, हातात खिचडीची ताटली. ताई निवृत्त झाल्यानंतर तिथं यायला लागलेली, त्यामुळे तिच्या लेखी ताई म्हणजे रोज चक्कर मारणारी एक आजी. तिनं बॅनरकडे बोट केलं. "आजी, हे कोन होय?"

ताईनं हसणं थांबवलं आणि पदर सारखा केला. "थे फोटोतली पोट्टी होय," ती म्हणाली. "मीच होय थे."

मुलीनं बॅनरकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, पुन्हा बॅनरकडे पाहिलं.

"हाव," ती म्हणाली, आणि खिचडी खायला आत निघून गेली.